सल्ला सदर : मैत्रिणी गळाल्या, तिकीट हातात आहे, एकटी डरमला जाऊ का?

पत्र (थोडं कापून) :

"ताई, मी मूळची सांगलीची, सप्टेंबरपासून लीड्सला मास्टर्स करतेय. घरात राहणाऱ्या आम्ही चौघींनी मार्चमधल्या एका शनिवारी डरमचं कॅथेड्रल बघायला जायचं ठरवलं, एकत्र तिकिटंही काढली. आता एकीला शिफ्ट लागलीय, दुसरीचं सबमिशन आहे आणि तिसरी म्हणते मला चर्च बघण्यात इंटरेस्टच नाही. राहिले मी. बाबा इतिहासाचे शिक्षक, लहानपणी आम्हाला खिद्रापूरला घेऊन जायचे आणि एकेक खांब दाखवायचे, त्यामुळे जुन्या इमारतींचं मला वेड आहे. पण मी आजवर कधी एकटी फिरायला गेले नाहीये. आई म्हणते एकटीने कशाला जायचं, आणि चर्चमध्ये तुझं काय काम. मला भीती वाटते ती वेगळीच, तिथे सगळे आपापल्या माणसांबरोबर असणार आणि मला अजूनच एकटं वाटणार. आत गेलेलं चालतं का, काय करायचं असतं, एकटीने जेवायला कसं बसायचं, फोटो कोण काढणार, काहीच कळत नाहीये. जाऊ का, की तिकीट वाया जाऊ देऊ? - खांबवेडी, लीड्स"

खांबवेडी,

जा गं. नक्की जा.

तुझ्या पत्राचा सूर असा आहे की मैत्रिणी आल्या असत्या तर खरी ट्रिप झाली असती, आता एकटीने जाणं म्हणजे दुधाची तहान ताकावर. मला हे अजिबात पटत नाही. समुद्रावर जायचं असेल, थीम पार्कला जायचं असेल तर सोबत हवीच, तिथे एकट्याने जाऊन काय करणार. पण जुनं कॅथेड्रल, म्हणजे बिशपचं मुख्य चर्च, ही एकट्याने बघण्याची गोष्ट आहे. चौघी गेला असतात तर एकीला भूक लागली असती, एकीला रील करायचं असतं, तिसरीला आधीच इंटरेस्ट नव्हता, म्हणजे पाऊण तासात तुम्ही बाहेर कॅफेत बसला असतात आणि तू मनातल्या मनात तिथेच एखाद्या खांबापाशी राहिली असतीस. आता तुला एका खांबासमोर वीस मिनिटं उभं राहायचं असेल तर राहता येईल. तिथे एकटी आलेली माणसं कायम असतात, कोणी म्हातारे गृहस्थ बाकावर बसलेले, कोणी बाई मेणबत्ती लावून निघून जाणारी, कोणी विद्यार्थी वहीत स्केच करणारा. एकट्या माणसाकडे कोण वळून बघेल अशी ती जागाच नाहीये.

पण आधी तिकीट बघ, आजच बघ. एकत्र काढली म्हणतेस, तर त्यात ग्रुपसेव्हची सूट लावलीय का ते तपास. तीन ते नऊ जण सोबत प्रवास करत असतील तरच ती सूट चालते, तू एकटीच ते तिकीट घेऊन चढलीस आणि चेकर आला तर ते धरलं जाणार नाही आणि भुर्दंड पडेल. तसं असेल तर सरळ नवीन तिकीट काढ, तुझं स्टुडंटचं रेलकार्ड असेल तर एक तृतीयांश सूट मिळते, आणि शनिवार आहे म्हणून सकाळच्या कमीत कमी भाड्याची अटही लागत नाही. दुसरं म्हणजे परतीचं तिकीट ॲडव्हान्स असेल तर ते त्याच एका गाडीचं असतं. चारची-पाचची गाडी असेल तर ती बदलून संध्याकाळी सात नंतरची घे, गाडी सुटायच्या आधी बदलता येतं, थोडी फी आणि भाड्यातला फरक भरावा लागतो पण भर, का ते पुढे सांगते.

लीड्सहून डरमला थेट गाड्या आहेत, यॉर्क आणि डार्लिंग्टनवरून जातात, साधारण सव्वा ते दीड तास लागतो. जाताना गाडीच्या दिशेने तोंड करून उजव्या हाताची खिडकी पकड. डरम स्टेशन यायच्या जरा आधी गाडी हळू होते आणि एका उंच दगडी पुलावर येते, १८५७ चा पूल आहे तो, आणि उजवीकडे खाली सगळं गाव आणि त्याच्या पलीकडे टेकडीवर कॅथेड्रल आणि किल्ला असं एकदम समोर येतं. त्या वेळी फोनमध्ये डोकं घालून बसू नकोस, बॅग आधीच आवरून ठेव. वेअर नदीने त्या टेकडीला जवळजवळ पूर्ण वळसा घातलाय, तिन्ही बाजूंनी पाणी आणि चौथ्या बाजूला किल्ला, ही जागा का निवडली असेल ते पुलावरूनच कळतं. किल्ला आणि कॅथेड्रल मिळून १९८६ पासून वर्ल्ड हेरिटेज आहे.

स्टेशनवरून उतार उतरून नॉर्थ रोड, मग फ्रॅमवेलगेट पूल, सिल्व्हर स्ट्रीट, मार्केट प्लेस, आणि तिथून सॅडलर स्ट्रीटने वर पॅलेस ग्रीनला, म्हणजे कॅथेड्रलसमोरच्या हिरवळीवर. वीसेक मिनिटं. शेवटचा चढ दगडी फरसबंदीचा आहे, पाऊस पडला की घसरतं, त्यामुळे बुटांचा सोल बरा असू दे. छत्री नेऊ नकोस, त्या टेकडीवरचा वारा ती उलटी करतो, टोपीवालं जॅकेट बरं.

आता आत जायचं. आईचा प्रश्न, चर्चमध्ये तुझं काय काम. काम हेच की ती जागा सगळ्यांसाठी उघडी आहे. दारात कोणी धर्म विचारत नाही, तू कुठल्या देवाला मानतेस किंवा मानतच नाहीस हे सांगावं लागत नाही. चपला-बूट काढायचे नसतात, डोकं झाकायचं नसतं, पाळी चालू असेल तरी कोणाला काही घेणंदेणं नाही. गुडघे टेकायची, क्रॉस करायची सक्ती नाही. पुरुषांनी टोपी काढायची पद्धत आहे, तुला तीही नाही. फक्त प्रार्थना चालू असेल तर फिरायचं नाही, मोठ्याने बोलायचं नाही आणि फोटो काढायचे नाहीत, एरवी फ्लॅश न मारता काढ. मेणबत्ती लावावीशी वाटली तर लाव, आजीच्या नावाने लावलीस तरी चालेल, देवळात आपण आपल्या माणसांसाठी हात जोडतो तसेच तिथेही लोक करतात. कपड्यांचंही काही नाही, गरम घाल म्हणजे झालं, इतक्या उंच दगडी इमारतीत मार्चमध्येसुद्धा गारठा असतो.

प्रवेशाला तिकीट नाही, देणगी मागतात. यॉर्कच्या कॅथेड्रलला, यॉर्क मिन्स्टरला, तिकीट आहे, तुला लीड्सहून ते जवळ पडलं असतं, पण विद्यार्थ्याच्या खिशाचा विचार केला तर तुम्ही डरम निवडलंत ते चांगलंच केलंत. जमेल तेवढी देणगी टाक, दोन पाउंड टाकलेस म्हणून लाजू नकोस. टॉवर चढायचे पैसे वेगळे, ३२५ पायऱ्या आहेत, गोल अरुंद जिना. हवा स्वच्छ असेल तर चढ, जोराचा वारा असेल तर ते स्वतःच बंद ठेवतात. म्युझियमचे पण वेगळे. दोन्हीपैकी एकच परवडत असेल तर मी म्युझियम घेईन, का ते सांगते, आधी दारापाशी थांब.

उत्तरेच्या मोठ्या दारावर एक ब्राँझचं राक्षसी तोंड आहे, तोंडात कडी. दारावरचं नक्कल आहे, अस्सल आत म्युझियममध्ये जपून ठेवलंय. मध्ययुगात कोणी माणूस मारून किंवा मोठा गुन्हा करून पळाला आणि त्याने येऊन ही कडी वाजवली की त्याला आत घ्यायचे. ३७ दिवस आसरा. तेवढ्यात त्याने ठरवायचं की खटल्याला उभं राहायचं की देश सोडून जायचं. खायला-प्यायला मठाकडून, अंगावर काळा झगा आणि त्यावर पिवळा क्रॉस. किती घाबरलेले हात त्या कडीला लागले असतील याचा विचार करायला तिथे जरा थांब, लोक फोटो काढून पटकन आत जातात.

आणि मग आत गेल्यावर खांब. तुला मी काय सांगू, तुझ्या बाबांनी तुला खिद्रापुरात बघायला शिकवलंय तीच नजर इथे वापर. कोपेश्वराचं मंदिर शिलाहारांच्या काळातलं, १२ व्या शतकातलं, स्वर्गमंडपात ४८ खांब. डरमची पायाभरणी १०९३ ला झाली आणि मुख्य लांबलचक दालन, ज्याला नेव्ह म्हणतात, ते ११३३ पर्यंत छतासकट पूर्ण झालं, म्हणजे जवळपास त्याच शतकात तिकडे कृष्णेकाठी आपले कारागीर काळा बेसाल्ट कोरत होते आणि इकडे हे लोक पिवळसर वालुकाश्म रचत होते. एकमेकांची कोणाला काही खबर नाही. पण विचार वेगळा. खिद्रापूरला खांबावर मूर्ती, फुलं, कथा, एवढं बारीक काम की जवळ जाऊन बघावं लागतं. डरमचे खांब प्रचंड जाड, गोल, आणि त्यांच्यावर मूर्ती नाहीत, फक्त खोल कोरलेल्या भूमितीच्या रेघा, एकावर नागमोडी झिगझॅग, एकावर शंकरपाळ्यासारखे चौकोन, एकावर उभ्या खाचा. पूर्वेकडे वेदीच्या बाजूला गेलीस की खांबांवर वळत वळत वर जाणाऱ्या रेघा दिसतील, अभ्यासक म्हणतात की जास्त पवित्र भाग सुरू झाला हे दाखवायला तिथे तशा आहेत. आणि गंमत अशी की हे नक्षीकाम खांब उभा करून मग केलेलं नाही, दगड आधी खाली ठरलेल्या मापात घडवले आणि मग असे रचले की रेघ रेघेला जुळली. जवळ जाऊन सांधे बघ, एक दगड कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो ते शोध. बोट लावायचा मोह आवर मात्र, ९०० वर्षं झालीयेत.

मग मान वर कर. खरी कमाल छतात आहे. त्याआधी मोठ्या चर्चवर बहुतेक लाकडी छत असायचं, ते जळायचं, आणि दगडाचं करायचं तर अर्ध्या पिंपासारखी कमान, तिचं वजन एवढं की भिंती फुगून बाहेर पडायला बघतात, मग भिंती अजून जाड, खिडक्या अजून लहान. इथल्या लोकांनी काय केलं, आधी तिरप्या एकमेकींना छेदणाऱ्या दगडी फासळ्या उभ्या केल्या आणि मधली जागा दगडांनी भरून काढली. आणि नेव्हच्या आडव्या कमानी टोकदार केल्या. अर्धगोल कमान जेवढी रुंद त्याच्या निम्मीच उंच होऊ शकते, तिथे तुझं काही चालत नाही, टोकदार कमानीची उंची मात्र हवी तेवढी ठेवता येते, म्हणून वेगवेगळ्या रुंदीच्या कमानी एकाच उंचीवर आणता आल्या. पुढे फ्रान्स, जर्मनीत जी आकाशाला भिडणारी गॉथिक कॅथेड्रल्स झाली, त्यांच्या छतामागचा विचार इतक्या मोठ्या प्रमाणावर आणि इतक्या लवकर दाखवणाऱ्या इमारतींत डरमचं नाव पहिल्या काहींत येतं. एखाद्या बाकावर मागे रेलून दहा-पंधरा मिनिटं फक्त छत बघ. तिथे सगळेच तसे बसतात.

अगदी पूर्वेला, मुख्य वेदीच्या मागे काही पायऱ्या चढून गेलीस की संत कथबर्टची समाधी. साधी करडी फरशी, तिच्यावर फक्त नाव. हा सगळा डोंगर ज्याच्यासाठी उभा केला तो माणूस बेटावर एकटा राहणारा, ६८७ मध्ये गेला. मग व्हायकिंगांच्या हल्ल्यांमुळे ८७५ मध्ये लिंडिसफार्न बेटावरच्या मठातले भिक्षू त्याची शवपेटी घेऊन निघाले, वर्षानुवर्षं फिरले, चेस्टर-ली-स्ट्रीटला शंभरेक वर्षं राहिले आणि ९९५ मध्ये इथे आले. म्हणजे आधी शवपेटी आली, मग गाव झालं. समाधीवर पुढे सोन्या-रत्नांचं काम होतं, आठव्या हेन्रीच्या काळात, १५३० च्या दशकात ते सगळं फोडून नेलं. पण ती मूळची ओक लाकडाची कोरीव पेटी, ६९८ ची, तुकड्या-तुकड्यांत का होईना वाचली, आणि त्याच्या गळ्यातला सोन्याचा छोटा क्रॉस पण. ते म्युझियममध्ये, मठाच्या जुन्या अष्टकोनी स्वयंपाकघरात ठेवलंय. टॉवरपेक्षा म्युझियम म्हणाले ते यासाठी. वरून दिसणारा देखावा खूप ठिकाणी मिळतो, १३०० वर्षांपूर्वी कोणीतरी सुरीने लाकडावर काढलेले देवदूत आणि संत दुसरीकडे कुठे बघणार.

दुसऱ्या टोकाला, पश्चिमेला, गॅलिली चॅपल. तिथले खांब एकदम बारीक, हलके, नेव्हमधून तिकडे गेलं की छातीवरचं ओझं उतरल्यासारखं होतं. तिथे बीड नावाच्या भिक्षूची समाधी आहे. हा जॅरोच्या मठातला, ७३१ मध्ये त्याने इंग्लंडच्या चर्चचा इतिहास लिहून पूर्ण केला, आणि ख्रिस्तजन्मापासून वर्षं मोजायची पद्धत रूढ व्हायला त्याच्या लिखाणाचा मोठा हात होता. आज तू असाइनमेंटवर जी तारीख टाकतेस तिच्या मागे हा माणूस पण आहे. बाबांना फोन करायचा तर इथून बाहेर पडल्यावर कर, इतिहासाच्या शिक्षकाला ही बातमी खूप आवडेल.

आता एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण अशा जागा फक्त सुंदर म्हणून बघितल्या तर अर्ध्याच बघून होतात. हे कॅथेड्रल भक्तीने बांधलं तसं दरारा बसवायलाही बांधलं. १०६६ ला फ्रान्समधून नॉर्मन आले, उत्तरेने बंड केलं, १०६९-७० च्या हिवाळ्यात त्यांच्या राजाच्या, विल्यमच्या सैन्याने गावंच्या गावं जाळली, माणसं उपाशी मेली. १०७२ ला इथे किल्ला, आणि मग आधीचं सॅक्सन चर्च पाडून हे. इथले बिशप नुसते धर्मगुरू नव्हते, त्यांची स्वतःची फौज, कोर्ट, नाणी, राजाने दिलेले राजासारखे अधिकार, १८३६ पर्यंत. नेव्हमध्ये मागच्या बाजूला जमिनीत एक काळी पट्टी दिसेल, फ्रॉस्टर्लीचा दगड, नीट बघितलंस तर त्यात प्रवाळाचे पांढरे जीवाश्म दिसतात. मठाच्या काळात बायकांनी त्या रेषेच्या पुढे जायचं नाही असा नियम होता. अशा रेषा आपल्यालाही नव्या नाहीत. आता इंग्लंडच्या चर्चमध्ये १९९४ पासून बायका धर्मगुरू होतात आणि डरमच्या कॉयरमध्ये, म्हणजे गायकवृंदात, मुलीही गातात. तू ती रेषा ओलांडून पुढे जाशील तेव्हा खाली बघून जा, एवढंच माझं म्हणणं.

आणि स्कॉटिश कैदी. सप्टेंबर १६५० मध्ये स्कॉटलंडमधल्या डनबारच्या लढाईत इंग्लंडचा सेनापती क्रॉमवेल याने स्कॉटिश सैन्य हरवलं आणि सुमारे ३,००० कैदी चालवत इथे आणून कॅथेड्रलमध्ये कोंडले. थंडी, उपासमार, हगवण. जगायला त्यांनी आतलं लाकूड जाळलं. त्यातले सुमारे १,७०० गेले. कुठे पुरले ते कोणाला माहीत नव्हतं, मग २०१३ मध्ये पॅलेस ग्रीनच्या कडेला बांधकाम करताना सांगाडे सापडले आणि तपासणी करून विद्यापीठाने सांगितलं की ते हेच. त्यातल्या कितीतरी जणांचं वय तुझ्यापेक्षा कमी होतं. दक्षिण बाजूला एक मोठं रंगीत लाकडी घड्याळ आहे, त्यावर काटेरी थिसल कोरलंय, स्कॉटलंडचं चिन्ह, म्हणून त्यांनी ते जाळलं नाही असं सांगतात. त्या घड्याळापाशी जरूर जा. तसंच खाणकामगारांचं स्मारक आहे, काळं लाकूड आणि शेजारी खाणीतला दिवा. हा सगळा कोळशाचा मुलूख, आता खाणी बंद पडल्या पण दर जुलैत खाणकामगारांचा मेळावा भरतो तेव्हा गावोगावचे बॅनर बँड वाजवत या कॅथेड्रलमध्ये आणतात. मला या इमारतीबद्दल जिव्हाळा वाटतो तो या सगळ्यामुळे, फक्त कमानींमुळे नाही.

एवढं सगळं एका दिवसात होईल का, तर होईल, पण सगळंच बघायचा हट्ट धरू नकोस. चार-पाच गोष्टी निवड आणि तिथे थांब. काही समजलं नाही तर तिथल्या व्हॉलंटियरना विचार, बहुतेक निवृत्त काका-काकू असतात, कोणी विचारायची वाटच बघत असतात, उत्तरेची बोली जरा कानाला नवी वाटेल, हळू बोला म्हटलं तर हळू बोलतात.

आता तुझी खरी भीती. एकटं वाटेल का? थोडा वेळ वाटेल, मी खोटं सांगणार नाही. ते बहुतेक दुपारी एक-दीडला वाटतं, पाय दुखायला लागतात, पोटात काही नसतं, आणि शेजारच्या टेबलावर कुठलंतरी कुटुंब हसत असतं. त्या वेळी आपण चुकलो, यायलाच नको होतं असं वाटून लोक लवकरची गाडी पकडतात. तू तसं करू नकोस. आधी खा. डबा नेला असशील, पोळीचा रोल वगैरे, तर पाऊस नसेल तेव्हा पॅलेस ग्रीनच्या हिरवळीवर किंवा नदीकाठच्या बाकावर बस, आत मात्र खायचं नाही. गारठा असेल तर क्लॉइस्टरच्या, म्हणजे मठाच्या चौकोनी व्हरांड्याच्या बाजूला कॅथेड्रलचंच कॅफे आहे, सूप, स्कोन, चहा, व्हेज मिळतं. एकटीने टेबल घ्यायला काही विशेष लागत नाही, ट्रे घ्यायचा आणि बसायचं. फोन बाजूला ठेवून सकाळी बघितलेल्यातलं काहीतरी वहीत लिही, नाहीतर एखादा खांब काढून बघ, चित्र चांगलं आलं पाहिजे असं नाही.

जेवणानंतर नदीकाठाला जा. प्रेबेंड्स पुलावरून आणि समोरच्या काठावरून, खाली जुनी गिरणी, पाण्याचा बंधारा आणि वर झाडांतून निघालेले तीन टॉवर, फोटोसाठी ती जागा. फोटो कोण काढणार विचारतेस, तिथे दर पाच मिनिटांनी कोणीतरी जोडपं सेल्फीसाठी हात ताणत असतं, मी काढू का म्हण, मग ते तुझा काढतात. ही वाट उजेडात कर, झाडीची आहे, चिखल असतो, संध्याकाळनंतर तिकडे एकटीने जायची गरज नाही.

आणि मग परत आत ये, इव्हनसाँगसाठी. परतीची गाडी बदल म्हणाले ती याच्यासाठी. संध्याकाळी पाच-साडेपाचच्या सुमारास असते, पाऊण तासाची गायलेली प्रार्थना, फुकट, कोणालाही खुली. नक्की वेळ आदल्या दिवशी त्यांच्या वेबसाइटवर बघून घे, शाळांच्या सुट्टीत कॉयर नसतो, कधी कार्यक्रमामुळे वेळ बदलते. दहा-पंधरा मिनिटं आधी जा आणि दारातल्या माणसाला फक्त सांग की इव्हनसाँगला बसायचंय, ते तुला आत क्वायरमध्ये, म्हणजे गायक बसतात त्या भागात, त्यांच्या अगदी जवळ बसवतील. सगळे उभे राहिले की उभं राहायचं, बसले की बसायचं, म्हणायचं काही नाही, गाणारे गातात. शब्द कळले नाहीत तरी चालतं. लहान मुलं-मुली आणि मोठी माणसं गातात आणि आवाज त्या फासळ्यांपर्यंत जाऊन परत येतो, दिवसभर जे छत बघितलंस ते कशासाठी एवढं उंच केलं ते तेव्हा कानांना कळतं. ही काही पर्यटकांसाठी ठेवलेली गोष्ट नाही, पर्यटक नसले तरी ती होते, म्हणूनच मला वाटतं तू ती चुकवू नयेस. आणि त्या वेळी तू एकटी नसतेस, शेजारी कोणीतरी अनोळखी बसलेलं असतं आणि तुम्ही दोघं एकच गोष्ट ऐकत असता.

एक बाजूची गोष्ट. तुझ्या पत्रात 'अजूनच एकटं' असा शब्द आलाय. म्हणजे आत्ताही वाटतं का? घरात तिघी असून वाटतं का? थंडीतले अंधारे दिवस, नवा देश, असाइनमेंट्स, हे अनेकांना होतं, पण रोज उठावंसंच वाटत नाही, झोप-जेवण बिघडलंय असं असेल तर एका ट्रिपने ते जाणार नाही. युनिव्हर्सिटीत स्टुडंट वेलबीइंगवाले असतात, त्यांच्याकडे अपॉइंटमेंट घे, तुझ्या फीमध्येच ते आहे, त्यात कमीपणा काही नाही. मला परत लिहिलंस तरी चालेल.

आईचं. लपवून जाऊ नकोस, ही माझी अटच समज. मैत्रिणींबरोबर आहे असं सांगून गेलीस तर दिवसभर प्रत्येक फोनला पोटात गोळा येईल आणि पुढच्या वेळी परवानगीचा प्रश्न तिथेच अडकून राहील. तिकीट दाखव, कुठली गाडी, कुठे उतरणार, कधी परत, सगळं व्हॉट्सॲपवर लिहून पाठव, लाइव्ह लोकेशन चालू ठेव. एक लक्षात ठेव की मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेपाच तासांचा फरक आहे, म्हणजे इव्हनसाँग संपेल तेव्हा सांगलीत जवळपास मध्यरात्र झालेली असेल, आणि ती तोपर्यंत जागी बसेल. म्हणून दुपारीच फोन कर, मोठा कर, व्हिडिओवर बाहेरून कॅथेड्रल दाखव, चर्चमध्ये काय काम याचं उत्तर तिला दिसेलच, आणि सांग की आता थेट लीड्सला पोचल्यावर मेसेज करेन, तू झोप. फोन सायलेंटवर असणार हे पण आधीच सांग. पॉवर बँक घे, नकाशा आणि तिकीट ऑफलाइन ठेव.

परतताना स्टेशनचा रस्ता सकाळचाच, दुकानांमधून, उजेडाचा, फक्त शेवटी दमवणारा चढ आहे, पंचवीस मिनिटं हातात ठेव. शनिवार संध्याकाळच्या गाड्यांत न्यूकॅसलहून मॅच बघून येणारे, प्यायलेले, गाणी म्हणणारे घोळके असू शकतात. बहुतेक वेळा नुसता गोंगाट असतो, तरी नको वाटलं तर डबा बदल, एखाद्या कुटुंबाजवळ किंवा गार्डच्या जवळ बस, आणि कोणी त्रास दिलाच तर ६१०१६ ला मेसेज कर, रेल्वे पोलिसांचा नंबर आहे, आत्ताच सेव्ह करून ठेव. लीड्सला उतरल्यावर उशीर झाला असेल तर घरापर्यंत चालत जाऊ नकोस, बस किंवा टॅक्सी कर, तेवढे पैसे सकाळीच बाजूला काढून ठेव. आणि गाडी लेट झाली तर तिकीट टाकून देऊ नकोस, डिले रिपेचा फॉर्म ऑनलाइन भर, पाच मिनिटांचं काम आहे, भाड्यातले काही पैसे परत येतात.

- ताई